पैदलसाहेब

मुंबईहून विमानाने निघालेला माणूस अडीच-तीन तासांत मस्कतला पोहोचतो, पण त्याची मान पोहोचायला सात दिवस लागतात, असा आमच्या पैदलसाहेबांचा सिद्धान्त होता. हात लगेच येतात, पाय येतात, पोट तर विमानात बसायच्या आधीच मस्कतच्या रुवी भागातल्या हॉटेलात जाऊन बसलेलं असतं. मान तेवढी गावाला राहते. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, म्हणून चौकात शिरताना आपण आधी उजवीकडे बघतो. ओमानात सगळं उलटं. गाड्या उजवीकडून, आणि राउंडअबाउटमध्ये शिरताना बघायचं डावीकडे. महिनाभर गावाला राहून आलेला ड्रायव्हर इथे पुन्हा स्टिअरिंगवर बसला की त्याचे हातपाय बरोबर चालतात, पण मान जुन्या सवयीने उजवीकडे वळते. तेवढ्यात डावीकडचा येऊन आदळतो.

म्हणून त्यांचा नियम होता की सुट्टीवरून आलेल्याला सात दिवस किल्ली मिळणार नाही. या सात दिवसांत त्याने रोज सकाळी राउंडअबाउटभोवती पायी चालायचं, गाड्या कुठून येतात ते बघायचं आणि मान वळवायची. "पहले पैदल," ते म्हणायचे. शुद्ध हिंदीत त्यांना एवढंच येत होतं. ड्रायव्हर लोकांनी त्यावरूनच त्यांचं बारसं केलं. त्यांचं खरं नाव डेन्मार्कचं होतं. अर्धी अक्षरं लिहायची आणि उरलेली गिळायची, अशा जातीचं ते नाव कोणाला धड घेता येत नसे.

आमची कंपनी मालवाहतुकीची, ऑफिस रुवीत. कोणता ट्रक कुठे जाणार, कोण नेणार, हे ठरवायचं काम माझं. अपघात झाला तर त्याचा अहवाल लिहायचं कामही माझ्याच गळ्यात. ड्रायव्हरांना शिकवायचं काम पैदलसाहेबांचं. त्याआधी अठरा वर्षं हा माणूस स्पीडवेचा स्वार होता. स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत. चार स्वार, चार फेऱ्या, एका मिनिटात खलास. वळायचं ते नेहमी डावीकडे, मागचं चाक घसरवत. आणि त्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. तुटलेला नव्हे, मुळातच नसतो. ब्रेकच नसलेल्या गाडीवर अठरा वर्षं काढलेला माणूस आमच्या कंपनीने ब्रेक शिकवायला ठेवला होता, आणि यात कोणाला काही विचित्र वाटलं नव्हतं.

मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "समोरचा पडला तर तुम्ही थांबायचा कसे?"

"थांबत नाही. बाजूने काढतो. जागा नसेल तर गाडी आडवी टाकून स्वतः पडतो."

"आणि तेही जमलं नाही तर?"

"तर त्याच्यावरून जातो," ते म्हणाले आणि चहात साखर घालायला लागले.

दिसायला उंच, लाल, आणि जरासे डावीकडे कललेले. खुर्चीत बसले तरी कललेले. स्वारांच्या डाव्या बुटाखाली लोखंडी पत्रा बांधलेला असतो, वळणावर तो पाय जमिनीवर घासत न्यायचा असतो. त्या सवयीने त्यांचा डावा बूट उजव्यापेक्षा दुप्पट वेगाने झिजायचा. रुवीच्या मोच्याने एकदा "साहब, एक ही जूता लाते हो, दूसरा पाँव नहीं है क्या?" असं विचारल्याचं ते मोठ्या कौतुकाने सांगत. जुना लोखंडी बूट त्यांनी टेबलावर ठेवला होता. फायली उडू नयेत म्हणून.

हाडांना त्यांनी देशांची नावं दिली होती. जे हाड ज्या देशात मोडलं, त्याचं नाव तो देश. गळ्याजवळचं डावं हाड इंग्लंड. मांडी पोलंड, त्यात सळई होती. मनगट स्वीडन. एकेका आठवड्यात ते तीन देशांत शर्यती करत, व्हॅनमध्ये इंजिनाशेजारी झोपून बोटीने इकडून तिकडे जात, त्यामुळे मोडतोडही सर्वत्र सारखी वाटली गेली होती. सकाळी ऑफिसात येऊन ते सांगायचे, "आज पोलंड ठणकतोय." आमचा केरळी अकाउंटंट पहिले सहा महिने समजत होता की यांचे नातेवाईक तिकडे आजारी आहेत. तो बिचारा रोज विचारपूस करायचा.

ओमानातले राउंडअबाउट त्यांचे फार लाडके. इथे गाड्या राउंडअबाउटला डावीकडे वळत फिरतात, म्हणजे थेट स्पीडवेसारख्या. "हा देश कोणीतरी माझ्यासाठी आखलाय," असं ते म्हणत. मला शिकवायचं म्हणून एका शुक्रवारी सकाळी सहाला त्यांनी मला घरातून उठवून नेलं आणि आमच्या जवळच्या राउंडअबाउटच्या कडेकडेने चालायला लावलं. मी लेंग्यावर. तिसऱ्या फेरीला पोलिसांची गाडी थांबली. हवालदाराने खिडकी खाली करून विचारलं, काय चाललंय? पैदलसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून गंभीरपणे शाळेसाठीचा एकच अरबी शब्द उच्चारला, "मदरसा." हवालदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं, "यल्ला, यल्ला", चला चला, म्हणाला आणि निघून गेला. लायसन्सच्या पुढल्या परीक्षेत मी पास झालो. त्याआधी चारदा नापास झालो होतो, हे इथे सांगितलंच पाहिजे असं नाही, पण घरात सगळ्यांना पाठ आहे.

ते मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. एकटेच. जिंकलेले चषक कपाटात नव्हते, कामाला लावले होते. एकात किल्ल्या, एकात चमचे, आणि सगळ्यात मोठ्या चषकात कढीपत्ता. तो आमच्या परबने आणून दिलेला. परब म्हणजे कणकवलीकडचा ड्रायव्हर, कंपनीतला सगळ्यात शांत हात. पैदलसाहेबांचा त्याच्यावर जीव होता. "हा जर माझ्या गावात जन्मला असता," ते म्हणायचे, "तर याने मला मागे टाकलं असतं." परब हे ऐकून खाली बघायचा. त्याला वाटायचं, डेन्मार्कात जन्मण्याविषयी काहीतरी चाललंय.

त्या मोठ्या चषकाची गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली त्याला गणती नाही. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाण्यासाठीची निवड शर्यत. चौघांच्या हेल्मेटचे रंग वेगवेगळे असतात, यांचं पिवळं. लाल हेल्मेटवाला यांच्याच गावचा, एकाच वर्कशॉपमध्ये शिकलेला. दोघांत एकच जण पुढे जाणार. पहिल्याच वळणावर लाल हेल्मेटवाला यांच्यापुढे होता, आणि पडला. शर्यत थांबली. अशा वेळी पंच ठरवतो की शर्यत कोणामुळे थांबली, आणि त्याच्या रंगाचा दिवा लावतो. ज्याचा दिवा लागला तो बाद, उरलेले पुन्हा धावतात. "चार दिवे असतात," ते चार बोटं वर करत, "पण लागतो एकच." मग एक बोट ठेवून म्हणत, "लाल दिवा लागला. मी पुन्हा धावलो. जिंकलो." एवढ्यावर गोष्ट संपायची, आणि संपली की ते हमखास उठून काहीतरी आणायला जायचे.

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, पुरणपोळी त्यांनी काट्याने खाल्ली, ते असो. माझ्या मुलीचं पोट बिघडलं होतं आणि बायकोने माहेरून आलेली एरंडेलाची बाटली बाहेर काढली. मुलगी नुसती बाटली बघूनच तोंड वाकडं करून बसली. बूच उघडलं मात्र, पैदलसाहेब खुर्चीवरून उठले. बाटली हातात घेतली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून उभे राहिले. आम्ही तिघंही बघत राहिलो. एरंडेल नाकाशी धरून सुख पावलेला माणूस आमच्या घराण्यात कोणी पाहिला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मोटरसायकलींच्या इंजिनात एरंडेलाचं तेल घालत. शर्यतीच्या संध्याकाळी सगळ्या मैदानावर जळलेल्या एरंडेलाचा वास पसरलेला असे, प्रेक्षकांच्या कपड्यांना येत असे, त्यांच्या आईच्या पडद्यांनासुद्धा. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोने बाटली त्यांना देऊन टाकली. त्या रात्री आमच्या मुलीची सुटका झाली, म्हणून तीही त्यांच्यावर खूश झाली आणि शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिला चषकाची गोष्ट सांगितली. चार बोटं, एक बोट, लाल दिवा.

मुलीने विचारलं, "And the red one? त्याला... म्हणजे, त्याला लागलं? Did he race again?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही हे विचारलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "त्याचा गुडघा गेला. तो आता कोंबड्या पाळतो." आणि उठून पाणी आणायला गेले. पाण्याचा जग टेबलावरच होता.

आता मला त्या मंगळवारचं सांगायला हवं, ज्याच्यामुळे ते ओमान सोडून गेले. इथपर्यंत मी रमतगमत आलो ते उगाच नाही.

किनाऱ्यावरच्या सहम गावी एका शेतावर विहिरीचा पंप पोहोचवायचा होता. उन्हाळा, लिंबाची बाग वाळायला लागलेली, आणि शेताचा अर्बाब, म्हणजे मालक, दर अर्ध्या तासाने मला फोन करत होता. दोन ड्रायव्हर तापाने पडलेले, बाकी सगळे बाहेर. हाताशी होता फक्त परब, आणि तो कणकवलीहून येऊन चारच दिवस झाले होते. मी पैदलसाहेबांच्या खोलीत गेलो.

"परबला किल्ली द्या," मी म्हणालो.

"चौथा दिवस आहे."

"परब आहे तो. त्याला काय होतंय?"

"मान सगळ्यांची सारखीच," ते म्हणाले.

मी तिथून हललो नाही. बाग मरेल म्हणालो, गिऱ्हाईक जाईल म्हणालो, शेवटी जरा आवाज चढवून म्हणालो, की तुमच्या नियमांपायी कंपनी बंद करायची का? ते माझ्याकडे बघत राहिले. मग लोखंडी बूट उचलून त्याखालची किल्ली काढली. "मी शेजारी बसतो," एवढंच म्हणाले.

पंप व्यवस्थित पोहोचला. येताना सहमच्याच एका राउंडअबाउटला परबची मान उजवीकडे वळली. रस्ता मोकळा दिसला, त्याने ट्रक आत घातला. डावीकडून एक म्हातारे ओमानी गृहस्थ पिकअप घेऊन येत होते. पैदलसाहेबांनी शेजारून स्टिअरिंग ओढलं, ट्रक कठड्यावर चढला, तरी पिकअपला कोपरा लागलाच आणि ती फिरून खांबावर गेली. म्हाताऱ्यांचा हात मोडला. देवाची कृपा, तेवढ्यावरच निभावलं. पोलिसांनी परबला दंड केला. म्हाताऱ्यांनी इस्पितळात परबला जवळ बोलावून दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि "खलास" म्हणाले. परब तिथे ओक्साबोक्शी रडला.

पण कंपनीत खलास नव्हतं. आमच्याकडे सक्त नियम होता की ज्याच्या चुकीने माणसाला इजा झाली, त्याने महिन्याच्या आत घरी जायचं. परबची धाकटी बहीण लग्नाची होती, वडील अंथरुणाला खिळलेले. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेबानू, चूक माझीच आसा. मी उजवीकडेच बघलंय. तसाच लिवा."

अहवालाच्या फॉर्मात एक चौकोन असतो. मुख्य कारण. त्यात एकच नाव लिहायचं. मी पेन घेऊन बसलो होतो तेव्हा पैदलसाहेब आत आले, दार लावलं आणि म्हणाले, "माझं नाव लिही. शिकवणाऱ्याने स्वतःचा नियम मोडून किल्ली दिली. स्टिअरिंगला हात घातला. लिही."

"पण किल्ली मी मागितली होती," मी म्हणालो.

"दिवा एकच लागतो," ते म्हणाले.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी आणखी एकदा "पण" म्हणालो, तेही अशा आवाजात, की समोरच्याने ते ऐकू नये. मग मी त्यांचं नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

कंपनीने त्यांना महिन्याची मुदत दिली. परब राहिला. पैदलसाहेबांनी चषक वाटून टाकले. कढीपत्ता परबकडे परत गेला, चषकासकट. एरंडेलाची बाटली त्यांनी सामानात घेतली. लोखंडी बूट माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "फायली उडतात."

विमान दुपारचं होतं. त्यांना सोडायला मी गाडी काढली. विमानतळाच्या अलीकडे राउंडअबाउट आला तेव्हा ते म्हणाले, "बाहेर पडू नकोस. चार फेऱ्या मार."

मी फिरत राहिलो. ते समोर वळणाकडे बघत होते. दुसऱ्या फेरीला बोलायला लागले, नेहमीच्या आवाजात, जणू रस्ता सांगतायत.

"तो स्वतःहून पडला नव्हता. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं. मला हातात कळलं होतं. पंचाला दिसलं नाही. लाल दिवा लागला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी हेल्मेटची काच खाली केली. त्यानंतर मी दहा वर्षं धावलो. त्याच्या घरावरून जाताना दर वेळी वाटायचं, आज थांबू. पण मला थांबायची सवय नाही. माहीत आहे तुला, ब्रेक नव्हता."

चौथी फेरी संपली. मला वाटलं, आता ते माझ्याकडे वळतील आणि तुझं काय, असं विचारतील. ते वळले नाहीत. "आता बाहेर पड," म्हणाले. विमानतळाच्या दारात मांडीतल्या सळईमुळे तपासणीचं यंत्र किंचाळलं. त्यांनी मांडीवर हात मारून शिपायाला सांगितलं, "पोलंड." आणि गेले.

चार महिन्यांनी फोनवर एक फोटो आला. लाकडी बाकावर दोन म्हातारे बसलेले, एक डावीकडे कललेला, दुसऱ्याच्या हातात काठी, पायाशी कोंबड्या. खाली लिहिलं होतं, "सांगितलं. कॉफी प्यायलो. वेळ लागला."

फोटो मी बायकोला दाखवला, मुलीला दाखवला. "हाच तो रेडवाला?" तिने विचारलं. मी हो म्हणालो आणि उठून पाणी आणायला गेलो. स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तहान लागलेली नाही.

हे सगळं होऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी तो बूट उचलून फायली काढतो आहे आणि परत ठेवतो आहे. परब आता नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. मला बघितलं की पूर्वीसारखाच हसतो, आणि तेच मला सोसत नाही. परवा मी जुना अहवाल काढला, चौकोनाच्या खाली जागा होती तिथे लिहिलं की किल्ली देण्याचा आग्रह माझा होता, सही केली आणि मॅनेजरसमोर ठेवला. तो वाचून म्हणाला, "अब इसका क्या करें?" मी म्हटलं, फाइलला लावा. मग यार्डात गेलो. परब गावाहून आदल्याच दिवशी आला होता, टायर तपासत होता.

"परब," मी म्हणालो, "त्या दिवशी ती किल्ली मी मागितली होती. साहेब नको म्हणत होते."

परब उठून उभा राहिला. हात पुसले.

"माका ठावक आसा, साहेब. मी दाराभायरच उभो होतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"किल्ली तुमी मागलास, पण मान तर माझीच होती मां?" तो म्हणाला. आणि मग खाली बघत, "तुमी सांगशात म्हणान वाट बघित होतंय."

दोन वर्षं तो वाट बघत होता, आणि रोज मला नमस्कार करत होता. त्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि पुन्हा टायरकडे वळला.

आज त्याचा तिसरा दिवस आहे. सकाळपासून सहमचा एक अर्बाब फोन करतोय, माल आजच हवा म्हणून. ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर आहे, लोखंडी बुटाखाली. सात दिवस भरेपर्यंत ती तिथेच राहील. उद्या सकाळी सहाला परब आणि मी राउंडअबाउटला जाणार आहोत, पायी.